काजळा फाट्यापर्यंत

जालन्याहून अंबड पंचवीसेक किलोमीटर. एसटीत खिडकीची जागा मिळाली तर एक डुलकी होते न होते तोच अंबडचं बसस्थानक येतं. चालायची सवय असलेला माणूस सकाळी निघाला, दोनदा चहाला टेकला, तरी दिवस मावळायच्या आत पोचतो. सात-आठ वर्षांच्या लेकराला मात्र हे अंतर एका दमात झेपत नाही. तरीही ज्येष्ठात संत मुक्ताबाईंची पालखी या रस्त्यानं निघते तेव्हा दिंडीच्या मागंपुढं पोरं असतात. कुणाच्या हातात टाळ, कुणाच्या खांद्यावर पताका, एखादं आजोबांच्या मानेवर बसून मोठ्यांपेक्षा उंच झालेलं. आणि यांतली काही अंबडच काय, त्याच्याही पुढं वडीगोद्री, गोदावरीच्या काठचं शहागड इथपर्यंत पोचतात.

कारण त्यांना अंबडपर्यंत चालायचंच नसतं. काजळा फाट्यापर्यंत चालायचं असतं. जालना आणि अंबड यांच्या मधला हा फाटा, एरवी गाडीतून जाताना लक्षातही येत नाही. वारी मात्र तिथं थांबते. त्याच्याही आधी कुणी टेबल मांडून केळी वाटत असतं, कुणी ताडपत्री बांधून चहा उकळत असतं. लेकरू त्या टेबलापर्यंत चालतं, मग त्या ताडपत्रीपर्यंत. पोराबाळांना घेऊन लांबचा पायी प्रवास करायचा म्हणजे अंतराचे असे तुकडे पाडावे लागतात, आणि आपल्याकडं हे तुकडे पाडायचं काम शेकडो वर्षं रस्त्याकडेला राहणारी माणसं करत आली आहेत.

मुक्ताबाईंची पालखी जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून निघते. मोताळा, बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा करत ती जालना जिल्ह्यात शिरते. जालना शहर, काजळा फाटा, अंबड, वडीगोद्री, शहागड असा जिल्हा ओलांडून गेवराई-बीडकडं जाते. पंढरपूरला पोचायला तिला चार आठवड्यांच्या आसपास लागतात आणि साडेपाचशे किलोमीटरांहून जास्त वाट चालावी लागते. मानाच्या सात पालख्यांमध्ये ही एक, आणि परंपरा तीनशे वर्षांहून जुनी. बीडमध्ये ती मुक्ताबाईंचे आजोबा गोविंदपंत यांच्या समाधीपाशी थांबते. नात आजोबांना भेटायला आली, असंच लोक म्हणतात. आषाढी झाली की याच रस्त्यानं उलट्या दिशेनं शेगावची गजानन महाराजांची पालखी येते. ती जाताना परभणीच्या बाजूनं जाते आणि परतताना शहागड, वडीगोद्री, जालना करून सिंदखेडराजाकडं वळते. तिची शिस्त कडक, वारकरी निवडलेले, त्यामुळं लेकरांना त्या रांगेत जागा नसते. पण गावातली पोरं पालखीला निरोप द्यायला कोसभर मागं चालत जातात. बऱ्याच जणांच्या पायांची पहिली शाळा तीच.

मुक्ताबाईंच्या पालखीत पोरं असावीत हे शोभतंही. परंपरा सांगते की आईवडील गेल्यावर निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही चार भावंडं शुद्धिपत्रासाठी आळंदीहून पैठणला पायी गेली. मुक्ताबाईंचा जन्म शके १२०१ चा धरला, म्हणजे इसवी सन १२७९, तर त्या वेळी तिचं वय दहाच्या आसपासच असणार, कारण परतीच्या वाटेवर नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती शके १२१२ मध्ये. महाराष्ट्राच्या आठवणीतली ही सगळ्यात जुनी लेकरांची पायपीट. या भावंडांच्या कथांमध्ये दार उघडणारे आहेत तसे लावून घेणारेही आहेत. मांडे भाजायला मुक्तेला कुंभाराकडून परळ मिळू दिलं नाही, ही गोष्ट आपण चमत्कारासाठी सांगतो. ज्ञानदेवांची पाठ तापली आणि तिच्यावर मांडे भाजले गेले, एवढंच लक्षात राहतं. मला त्यात आधी एका पोरीला गावानं भांडं नाकारलेलं दिसतं. वारीच्या वाटेवर आज लेकराच्या हातात कुणी न मागता खाऊ ठेवतं, तेव्हा हे जुनं देणं फेडलं जातंय असं म्हणायचा मोह होतो. देणाऱ्याच्या मनात असलं काही नसतं, हेही खरं.

आता लेकराच्या पायांकडं वळू. माणसाचा आरामाचा चालण्याचा वेग पायाच्या लांबीवर ठरतो, पण सरळ प्रमाणात नाही. लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. मोठ्या माणसाचा पाय ९० सेंटिमीटर आणि पहिली-दुसरीतल्या पोराचा ५० सेंटिमीटर धरला, तर पोराचा सहज वेग मोठ्याच्या साधारण पाऊणपट येतो. मोठा माणूस तासाला ४.८ किलोमीटर चालत असेल तर पोरगं ३.६. बारा किलोमीटरांच्या टप्प्यात मोठ्याला अडीच तास लागतात आणि पोराला तीन तास वीस मिनिटं. ही पन्नास मिनिटं कुठून तरी आणावी लागतात. बाप पोराला ओढत नेतो तेव्हा ती पोराच्या अंगातून येतात, कारण एकाच वेगानं चालताना दर किलो वजनामागं लहान शरीराला जास्त ऊर्जा लागते. हा फरक मुख्यतः उंचीचा आहे. उंची वाढते तसा तो मिटत जातो. म्हणजे मागं पडणारं पोरगं आळशी नसतं, बुटकं असतं.

पण याच शरीरात एक सोय आहे, आणि ती फार थोड्या आईबापांना ठाऊक असते. वयात येण्याआधीच्या मुलांचे स्नायू प्राणवायूवर चालणाऱ्या ऊर्जेवर जास्त विसंबतात आणि थकल्यावर फार लवकर सावरतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये आठ ते बारा वर्षांचे मुलगे, व्यायामाची विशेष सवय नसलेले प्रौढ आणि सहनशक्तीच्या खेळांतले राष्ट्रीय पातळीचे खेळाडू अशा तिघांना सायकलीवर दमवून तपासलं. दम भरून निघण्यात मुलं सवय नसलेल्या मोठ्यांच्या पुष्कळ पुढं होती, कसलेल्या खेळाडूंच्या बरोबरीला, काही बाबतींत त्यांच्याही वर. पाय दुखतात म्हणून रस्त्यात बसकण मारणारं लेकरू मुक्कामी पोचल्यावर पाच मिनिटांत लपाछपी का खेळायला लागतं, ते यावरून कळतं. ते नाटक करत नव्हतं. त्याला थांबा हवा होता, आणि थांबा मिळाल्यावर ते खरोखर ताजं झालं.

वारीची चाल या शरीराला नेमकी जुळते. सरळ तीन तास मान खाली घालून कुणी चालत नाही. अभंग येतो, पावली होते, कुणीतरी फुगडीला ओढतं, विणेकरी थांबला की सगळे थांबतात. न्याहारी एका ठिकाणी, दुपारचा विसावा दुसऱ्या ठिकाणी, रात्रीचा मुक्काम तिसऱ्या. पळणं आणि थांबणं हाच मुलांचा मूळ स्वभाव. एकसुरी चाल त्यांना मारते. दिंडी मुलांसाठी आखलेली नाही, म्हाताऱ्यांसाठी आणि भजनासाठी आखलेली आहे. तीत मुलांचंही साधतं, एवढंच.

उन्हाचं मात्र तसं नाही. ज्येष्ठातली वारी म्हणजे बहुतेक जून. पाऊस पडला तर पडला. नाही तर जालन्यात पारा सहज पस्तिशी ओलांडतो. वीस किलो वजनाच्या पोराच्या कातडीचं क्षेत्रफळ साधारण पाऊण-एक चौरस मीटरच्या दरम्यान असतं आणि साठ किलोच्या माणसाचं दीड-पावणेदोन. दर किलोमागं हिशेब केला तर पोराच्या वाट्याला जवळपास दीडपट कातडी येते. हवा अंगापेक्षा थंड असते तोवर हा फायदा. पटकन गार होता येतं. हवा अंगापेक्षा तापली की हीच जास्तीची कातडी जास्तीचं ऊन पिते. मुलांना घामही मोठ्यांच्या मानानं कमी येतो. शिवाय खेळाच्या नादात तहान लागल्याचं ती सांगत नाहीत. सांगतात तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून लेकरू बरोबर असेल तर सकाळी दहाच्या आत निम्म्याहून जास्त वाट सरावी आणि उरलेली चारनंतर धरावी. मधल्या वेळात दिंडी चालत असेल तर लेकरानं सामानाच्या टेम्पोत बसावं, त्यात कमीपणा काही नाही. पाठीवर ओझंही नको. शाळेच्या दप्तराविषयी केंद्र सरकारनं २०२० मध्ये जे धोरण आणलं त्यात मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे. वीस किलोच्या पोराला ती दोन किलो होते. टाळ आणि पाण्याची बाटली, झालं.

रस्त्यावर मिळणारं खाणं या दृष्टीनं पाहिलं तर जुन्या बायकांच्या शहाणपणाचं नवल वाटतं. मीठ-साखरेचं लिंबूपाणी, ताक, गूळ-शेंगदाणे, केळी. घामातून गेलेलं मीठ आणि पाणी परत घ्यायचं तर आतड्यात मिठाबरोबर थोडी साखर लागते, कारण ती दोघं हातात हात घालून आत शिरतात आणि पाणी त्यांच्या मागून जातं. जलसंजीवनीचं घरगुती प्रमाण याच तत्त्वावर बेतलेलं आहे: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. अलीकडं मंडप वाढले तशी कुरकुऱ्यांची पाकिटं आणि रंगीत सरबतंही वाढली. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण दहा मंडपांवर दहा पाकिटं खाल्लेलं पोरगं दुपारी भाकरीला तोंड लावत नाही आणि संध्याकाळी उलटी करतं. लेकराला काही देताना आईला आधी विचारावं. हे मंडपवाल्यांना कुणी सांगत नाही, कारण प्रसादाला नाही कसं म्हणणार?

यजमानांचं काम चालतं कसं, हे कौतुकापलीकडं जाऊन पाहण्यासारखं आहे. हजार माणसं एका वेळी जेवायला येणार आणि गाव असेल दीडदोनशे उंबऱ्यांचं. एका घराला हे शक्य नाही, म्हणून गाव ते वाटून घेतं. उंबऱ्यामागं ठरावीक भाकरी किंवा पोळ्या; पोरं टोपल्या घेऊन गल्लीगल्लीतून त्या गोळा करतात. वरण किंवा बेसन (मराठवाड्यात पिठल्याला बेसनच म्हणतात) देवळापुढं मोठ्या कढईत एकाच जागी शिजतं. ठेचा बायका घरून आणतात. त्यामुळं एका पंगतीत तुमच्या पानात एक भाकर जाड, एक पातळ, एक ज्वारीची, एक बाजरीची अशी पडते. पन्नास चुलींची चव एका पानात. कुठं एखादं घर पूर्ण पंगत एकट्यानं देतं. ती बहुतेक ठरलेली असते, आजोबांनी धरलेली, बापानं चालवलेली, आता मुलाकडं आलेली. दिंडीचालकाच्या वहीत कुठल्या गावी न्याहारी कुणाची, दुपारचं कुणाचं, हे आधीच लिहिलेलं असतं. नवीन माणसाला पंगत द्यायची असेल तर कधी कधी वाट पाहावी लागते. यजमानांची रांग लागते, ही गोष्ट पाहुणचाराच्या बाबतीत जगात फारशी ऐकू येत नाही.

लेकरं असली की या व्यवस्थेचा नूर बदलतो. मोठा वारकरी ओसरीवर झोपतो. लेकरू आणि त्याची आई आत घेतली जातात. ‘लेकराला इथं पंख्याखाली टाक गं माय,’ म्हणत एखादी आजी स्वतःची बाज रिकामी करते. पोराच्या पायाला फोड आला असेल तर कोमट पाणी, हळद, खोबरेल, आणि सल्ले तर इतके की आईनं कुणाचं ऐकावं. (फोडातून सुईदोरा ओवून ठेवायची जुनी रीत आहे, मुलांच्या बाबतीत ती टाळलेली बरी, दोऱ्यावाटे जंतू आत जातात. फोड अखंड ठेवून झाकला तर लवकर बसतो.) आणि एक गोष्ट वारीतच घडते. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात तेव्हा वय पाहत नाहीत. साठीचा माणूस सहा वर्षांच्या पोराला माउली म्हणतो, वाकून नमस्कार करतो, आणि पोरगं गोंधळून आईकडं बघतं. घरी, शाळेत कुणी त्याला अशी किंमत दिलेली नसते. पुढचे दोन किलोमीटर ते कुरकुर न करता चालतं. याला मी कुठलंही शास्त्र जोडणार नाही.

यजमानाला या व्यवहारात काय मिळतं? पुण्य, असं तो सांगेल. २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळं पायी वारी बंद होती आणि मानाच्या पालख्या एसटी बसनं पंढरपूरला गेल्या. चालणाऱ्यांची वारी चुकली याबद्दल तेव्हा पुष्कळ लिहिलं गेलं. वाटेवरच्या गावांचीही वारी चुकली होती, त्याकडं फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. त्यांचा देव दरवर्षी दारात येतो, त्यांना पंढरपूरला जावं लागत नाही. त्या दोन वर्षांत दारावरून बस निघून गेली.

या पाहुणचाराला जगात तोडीस तोड एक जागा आहे ती जपानमधल्या शिकोकू बेटावर. तिथं ८८ देवळांची सुमारे १,२०० किलोमीटरांची प्रदक्षिणा आहे. वाटेवरचे लोक यात्रेकरूंना संत्री, चहा, पैसे, कधी रात्रीची जागा देतात. त्याला ते ओसेत्ताई म्हणतात. यात्रेकरूनं ते नाकारायचं नसतं आणि बदल्यात आपल्या नावाची कागदी पट्टी द्यायची असते. देणारा मानतो की चालणाऱ्याच्या हातून आपणही चाललो. आपल्या नर्मदा परिक्रमेतला सदावर्ताचा शिधा याच जातकुळीचा. स्पेनमधल्या सान्तियागोच्या वाटेवर अजून काही धर्मशाळा अशा आहेत की तिथं दर लिहिलेला नसतो, पेटी ठेवलेली असते. अमेरिकेतली अपालाचियन वाट यांच्याहून नवी, सुमारे साडेतीन हजार किलोमीटरांची, चौदा राज्यांतून जाणारी आणि बहुतेक जंगलातली. तिथं २०१८ मध्ये एक जोडपं सहा मुलांना घेऊन सगळी वाट चाललं. धाकटं दोन वर्षांचं. २०२१ मध्ये पाच वर्षांच्या एका मुलानं आईबापांबरोबर ती पुरी केली. तिथंही ओळखपाळख नसलेली माणसं रस्ता जिथं वाटेला छेदतो तिथं खाणंपिणं घेऊन उभी राहतात. चालणारे त्यांना वाटेवरचे देवदूत म्हणतात. फरक इतकाच की तिथं असं कुणी भेटणं हा त्या दिवसाच्या नशिबाचा भाग असतो, म्हणून तंबू, शिधा, चूल सगळं पाठीवर न्यावं लागतं. देऊळगाव राजा ते शहागड या वाटेवर ते नशिबावर सोडलेलं नाही. म्हणूनच इथं साधनं नसलेलं, चपला घालून निघालेलं कुटुंबही लेकराला घेऊन चालू शकतं. अमेरिकेतलं ते कुटुंब धाडसी म्हणून बातम्यांत आलं. आपल्याकडं अशा आईची बातमी होत नाही, आणि मला यात आपल्या वाटेचीच थोरवी दिसते.

ही थोरवी ज्या भूमीत आहे तिथं पाणी स्वस्त नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना हा राज्यातल्या सगळ्यात होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. शहरात नळाला पाणी कित्येक दिवसांनी यायचं, खेड्यांत टँकरपुढं हंड्यांच्या रांगा. जायकवाडीहून जालन्याला पाणी आणणारी मोठी जलवाहिनी त्याच काळात पुरी झाली. अशा मुलखात वाटसरूला दिलेला तांब्या कोकणातल्या तांब्याएवढा हलका नसतो. म्हणूनच इथं पाण्याच्या सोयी करणाऱ्यांची नावं टिकली. अंबड होळकरांकडं होतं. अहिल्याबाईंच्या नावाशी जोडलेली बारव तिथं आजही दाखवतात. बारव म्हणजे नुसती विहीर नव्हे. पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरता येतं, म्हणजे दोर-बादली नसलेला वाटसरू आणि त्याचं लेकरूही ओंजळीनं पाणी पिऊ शकतं, आणि खालच्या सावलीत घटकाभर बसू शकतं. जालन्यात मोती तलाव आणि वाटसरूंसाठी सराई बांधणारा म्हणून जमशेदखानाचं नाव घेतात. सोय देवाची की दर्ग्याची, हे तहानलेल्यानं विचारायचं नसतं. २०२३ मध्ये आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी, २९ जूनला आली, तेव्हा राज्यातल्या अनेक गावांतल्या मुसलमानांनी आपण होऊन कुर्बानी पुढं ढकलली.

जुन्या वाटेवरचा तिसरा यजमान झाड होता. मराठवाड्यातले रस्ते रुंद होताना कडेचे वड आणि कडुलिंब गेले, आणि नव्या सिमेंटच्या रस्त्यावर सावलीही नाही, पायाखाली मातीची कडही नाही. सिमेंट दिवसभर तापतं आणि लेकराचं डोकं त्या तापलेल्या पृष्ठाच्या मोठ्यांपेक्षा जवळ असतं. लावलेली नवी रोपं मोठी व्हायला एक पिढी जाईल. तोवर मंडपाची ताडपत्री हेच झाड.

पाहुणचारात एक मोठी उणीव आहे आणि ती गोड शब्दांत गुंडाळून उपयोग नाही. जेवू घालायला हजार हात पुढं येतात. न्हाणीघराचं आणि संडासाचं दार उघडणारे फार कमी. दहा-बारा वर्षांच्या पोरीला पंगतीतल्या जिलबीपेक्षा कडी लागणाऱ्या दाराची गरज असते. ते मिळत नाही म्हणून ती दिवसभर पाणी पीत नाही, आणि मग वर सांगितलेलं उन्हाचं सगळं गणित तिच्यावर उलटतं. बायकांनी दिंडीत अंधार पडायची वाट पाहायची, हे इतकं रुळलेलं आहे की त्याची कुणी तक्रारही करत नाही. ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराजांच्या मार्गांवर ‘निर्मल वारी’ या उपक्रमातून २०१५ पासून फिरती शौचालयं उभी राहू लागली. जालन्यासारख्या आडवाटेच्या पालख्यांना कॅमेरे कमी, म्हणून सोयीही कमी. इथं गावानंच ठरवायला हवं. मुक्कामाच्या दिवशी शाळेचं स्वच्छतागृह उघडं, दिवा चालू, पाण्याचा ड्रम भरलेला आणि बाहेर गावातली एखादी मावशी बसलेली. एका पंगतीच्या खर्चात हे चार वेळा होईल.

ज्यांना वारीआधी लेकराचे पाय आजमावून पाहायचे आहेत त्यांच्यासाठी जिल्ह्यात राजूर आहे. भोकरदन तालुक्यातलं हे गणपतीचं ठाणं. साडेतीन पीठांपैकी पूर्ण पीठ म्हणून त्याची ख्याती. अंगारकीला जालन्याहून आणि भोवतालच्या गावांहून लोक सोमवारी रात्रीच पायी निघतात. अंतर जालन्याहून पंचवीसेक किलोमीटर. रात्रीची वाट असल्यानं ऊन नाही, आणि वाटेवर चहा, केळी, शाबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचे लाडू वाटणाऱ्यांची दाटी. घरातली मोठी पोरं इथं पहिल्यांदा चालतात. धाकट्यांना आईबाप निम्म्या वाटेवर जीपनं आणून सोडतात. अंगारकी वर्षातून एखाददुसरीच येते, त्यामुळं तयारीला वेळ मिळतो. रात्रीची एकच भीती, वाहनांची. लेकराच्या पाठीला चमकणारी पट्टी शिवावी. घोळक्याबाहेर चालायची वेळ आली तर उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल अशा बेतानं चालावं. खिशात नाव, गाव, फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी, आणि ती घामानं भिजते म्हणून नंबर दंडावर पेननंही लिहावा. दिंडीत असाल तर दिंडीचं नाव पोराकडून घोकून घ्यावं. आईचं नाव विचारलं की बावरलेलं पोर ‘आई’ एवढंच सांगतं.

पूर्ण वारी लेकराला घेऊन करायची गरज नाही आणि बहुतेक घरं ती करतही नाहीत. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, पेरणी तोंडावर असते. एक मुक्काम, फार तर दोन. जालन्यातून निघावं, काजळा फाट्यावर टेकावं, अंबडच्या पंगतीत जेवावं आणि पालखी वडीगोद्रीकडं निघाली की आपण बसस्थानकाकडं वळावं. परतीचा खर्चही बेताचा आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजीला २०२२ पासून एसटी फुकट, आईला मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, बारा वर्षांच्या आतल्या पोरांना अर्धं आणि पाचाच्या आतल्याला तेही नाही. पूर्ण तिकीट काय ते बापाचं.